बोटभर फट

चढाच्या निम्म्यावर इंजिनाचा आवाज एकदम वाढला आणि गाडी मंदावली. गिअर तोच होता, पायही तेवढाच दाबलेला होता. आरपीएमचा काटा वर आणि वेगाचा काटा खाली, असं दिसलं की ड्रायव्हरला पुढचं सगळं कळून चुकतं. पाठोपाठ केबिनमध्ये जळका वास शिरला. ब्रेक लायनर जळाल्याचा आणि क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, जळाल्याचा वास जवळजवळ सारखाच असतो, पण चढावर ब्रेक कशाला जळतील?

मी गिअर उतरवत उतरवत पहिल्यावर आलो. खालच्या गिअरमध्ये तेवढीच चाकं फिरवायला क्लचवर कमी जोर येतो, म्हणून घसरणारी प्लेटसुद्धा थोडा वेळ तग धरते. इंजिन उगीच न फिरवता, माणसाच्या चालीने, मी ती सोळा टनांची भरलेली गाडी माथ्यावर काढली. तिथे कडेला सपाट, कडक जागा होती. त्या जागेचं महत्त्व मला तेव्हा फारसं कळलं नव्हतं. सुटकेचा श्वास सोडून मी गाडी उभी केली, इतकंच.

आमच्या मालकाची दुसरी गाडी मागेच होती. तिच्यावर काका होते. मी स्टीअरिंगला हात लावायच्या आधी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली क्लीनर होतो. ते खाली उतरले, काही न बोलता माझ्या केबिनमध्ये चढले आणि हाताने क्लचचं पेडल दाबून पाहिलं. पेडलला मोकळी चाल शिल्लकच नव्हती. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होत जाते. संपली की पेडल सोडलेलं असतानाही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि मग घसरतो. कधी कधी नुसतं ॲडजस्टमेंट करून काम भागतं, म्हणून काकांनी खाली जाऊन ॲडजस्टिंग नट पाहिला. आटे संपले होते. तरी शेवटची खात्री म्हणून पार्किंग ब्रेक लावून, चौथा गिअर टाकून त्यांनी क्लच हळूहळू सोडला. चांगल्या क्लचला इंजिन तिथल्या तिथे बंद पडायला हवं. आमचं इंजिन आरामात फिरत राहिलं.

"प्लेट संपली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल," काका म्हणाले.

"इथे?"

"मग कुठे?"

फोनाफोनी करून झाली होती. मिस्त्री दोन दिवसांनी येणार होता. भरलेली गाडी ओढून न्यायची तरी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, खोलावाच लागतो. तो न खोलता ओढली तर मागची चाकं गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरवत राहतात, पण आतलं तेल उडवणारी खालची गिअरं बंद इंजिनामुळे थांबलेली असतात आणि कोरडी बेअरिंगं जळतात. म्हणजे गाडीखाली आडवं होऊन काम करणं काही चुकत नव्हतं. नवी प्लेट, तिला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकावर, दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मालकाने आणखी एका गाडीबरोबर पाठवायचं कबूल केलं. माल सकाळपर्यंत येणार होता. तोवर आम्हाला गाडी खोलून ठेवायची होती.

मी पान्यांची पेटी काढायला धावलो. काकांनी हाक मारली. "पाना नंतर. आधी दगड आण."

पुढचा पाऊण तास आम्ही एकही नट खोलला नाही. मागे त्रिकोण ठेवले, आणि ते वळण संपायच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला गाडी दिसण्याच्या आधी त्रिकोण दिसेल असे. काकांची गाडी माझ्या गाडीच्या मागे थोडं अंतर सोडून उभी केली, स्टीअरिंग रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला वळवून. कुणी येऊन धडकलंच तर ती आमच्या अंगावर न येता बाहेर जाईल, हा हिशेब. मग चाकांना दोन्हीकडून दगड लावले, पुढूनही आणि मागूनही. मी म्हटलं, सपाटीवर इतकं कशाला? काका म्हणाले, "प्रोपेलर काढलास की गिअर गाडीला धरत नाही. मग तिला धरून ठेवणारा फक्त ब्रेक आणि हे दगड. तू खाली असताना मी एकट्या ब्रेकवर विश्वास ठेवणार नाही."

हे मला आजही सगळ्यांना सांगावंसं वाटतं. रस्त्याकडेच्या कामात माणसं मरतात ती दुरुस्ती अवघड असते म्हणून नाही. आधार देण्याआधी सोडवायला सुरुवात करतात म्हणून मरतात. जॅकवर उचललेल्या गाडीखाली ठोकळा न लावता शिरतात, इंजिनाला टेकू न देता माउंटिंग खोलतात. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. तेलाचं एक सील गेलं की तो बसतो, आणि बसताना आवाजसुद्धा करत नाही.

मग बॅटरीची तार काढली. स्टार्टर बेल हाउसिंगलाच, म्हणजे क्लचभोवतीच्या गिअरबॉक्सच्या कवचालाच, बसवलेला असतो आणि त्याची जाड केबल नेहमी जिवंत असते. पाना चासीला टेकला तर ठिणगी उडून पाना तिथेच चिकटतो. नंतर केबिन पुढे ओणवी करून तिचा आधाराचा दांडा अडकवला. वरून इंजिन आणि गिअरबॉक्स मोकळा दिसायला लागला.

प्रोपेलर शाफ्ट खोलण्याआधी काकांनी फ्लँजच्या, म्हणजे जोडाच्या चकतीच्या, दोन्ही तोंडांवर छन्नीने एकेक खूण केली, म्हणजे परत बसवताना तो होता तसाच बसेल. गिअरच्या लिव्हरचे दांडे, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर भराभर निघालं. पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर निघाला तेव्हा तो पाइपसकट बाजूला तारेने बांधून काकांनी मला बजावलं, "आता पेडलला पाय लावायचा नाही. पिस्टन बाहेर उडेल आणि तेल सांडेल." पेडलच्या खाली लाकडाचा तुकडा खोचून टाकला, चुकून पाय पडला तरी पेडल दबू नये म्हणून.

बेल हाउसिंगचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. मी ते काढून डब्यात टाकायला लागलो तर काकांनी डबा बाजूला सारला. एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर पेन्सिलीने हाउसिंगचा गोल काढला आणि जिथला बोल्ट तिथे भोक पाडून खोचला, वायसरसकट. सगळ्यात वरचे दोन बोल्ट खालून दिसत नाहीत, फक्त बोटांना लागतात. त्यातला एक गंजून बसला होता. डिझेल सोडून, थांबून, हातोडीने डोक्यावर हलके टोले देत, पुन्हा डिझेल सोडून तो हलायला बराच वेळ गेला. पान्याला लांब पाइप लावून जोर काढायचा मोह मला झाला. डोकं तुटलं असतं तर तो बोल्ट ड्रिल करायला तिथे वीज नव्हती. काकांनी पाइप माझ्या हातात येऊच दिला नाही.

गिअरबॉक्स दीडशे किलोच्या वर. दोघांच्या हातात मावणारी ती गोष्टच नाही. चासीच्या दोन्ही बाजूंवर लाकडी ठोकळे रचून आडवा जाड पाइप टाकला, त्याला चेन ब्लॉक लटकवला, गिअरबॉक्सला दोन जागी पट्टा घातला. खालून जॅक, त्यावर फळी. शिवाय एक दोर वेगळा, चेन तुटलीच तर म्हणून. इंजिनाची मागची बाजूही ठोकळ्यावर टेकवली, कारण गिअरबॉक्स निघाला की तिकडचा आधार जातो. शेवटचे दोन बोल्ट समोरासमोरचे ठेवले. ते एकेक करून काढले आणि त्या जागी लांब स्टड घातले, बिनडोक्याचे. गिअरबॉक्स मागे सरकताना या दोन स्टडवरून सरळ रेषेत सरकतो, खाली लोंबत नाही. तो लोंबला तर त्याचं सगळं वजन क्लच शाफ्टवर, म्हणजे प्लेटच्या हबमध्ये दात्यांनी बसणाऱ्या त्याच्या पुढच्या दांड्यावर, येतं आणि प्लेटचा मधला हब वाकतो. जुनी प्लेट वाकली तर काही बिघडत नाही, पण परत बसवताना हीच चूक नवी प्लेट खाते.

पाइप गोल असल्यामुळे ठोकळ्यांवरून तो मागे लोळवता येतो. काका वरून पाइप सरकवत होते, मी खालून टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, हलकं हलकं रेटत होतो. वीतभर मागे आल्यावर क्लच शाफ्टचं टोक बाहेर आलं. चेन कडकड करत गिअरबॉक्स खाली उतरला आणि ताडपत्रीवर टेकला. अंधार पडून बराच वेळ झाला होता.

प्रेशर प्लेटचे बोल्ट एका ओळीने खोलायचे नसतात. आत दाबलेली स्प्रिंग असते. एक बाजू आधी मोकळी केली तर कव्हर वाकतं. समोरासमोरचे बोल्ट, अर्धा अर्धा फेरा, असं करत गेलो. शेवटी प्लेट माझ्या हातात आली. टॉर्चखाली धरली तर लायनिंग जवळजवळ नव्हतंच. रिव्हेटांची पितळी डोकी उघडी पडून चकचकीत झाली होती आणि त्यांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडले होते.

काकांनी आधी इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलभोवती बोट फिरवलं. कोरडं. तेल गळून प्लेट घसरली असती तर नवी प्लेट घालूनही महिनाभरात तेच झालं असतं, म्हणून ते आधी पाहायचं. मग त्यांनी प्लेट माझ्या हातातून घेतली, उलटसुलट पाहिली. "तेल नाही. म्हणजे पाय," एवढंच म्हणाले. माझा डावा पाय चालवताना पेडलवर टेकलेला असतो, हे ते क्लीनरच्या दिवसांपासून मला सांगत आले होते. चढावर गाडी ब्रेकवर न धरता अर्ध्या क्लचवर धरून ठेवायची सवयही माझीच. इतक्या थोडक्या पायाने काय होतं, असं मला वाटायचं. ती रिव्हेटं पाहिल्यावर काही विचारायचं उरलं नाही.

फ्लायव्हीलवर निळसर डाग होते, म्हणजे तो भयंकर तापला होता. बारीक तडेही दिसत होते. काकांनी त्यांवर नख आडवं फिरवलं. नख कुठे अडकत नव्हतं. चऱ्यांमध्ये थोडं लागत होतं. खोल तडा असता तर काम तिथेच थांबलं असतं, कारण तापून तडकलेला फ्लायव्हील वेगात फुटला तर हाउसिंग फोडून बाहेर येतो. चरे मात्र खरं तर लेथवर काढायला हवे होते. ते रस्त्यावर होत नाही. एमरी पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून आम्ही आळीपाळीने तो घासला, पेट्रोलने पुसला आणि घरी पोचल्यावर हे काम पुन्हा करून घ्यायचं हे वहीत लिहून ठेवलं. रस्त्यावरची दुरुस्ती पूर्ण आहे असं स्वतःला कधी सांगू नये, असं माझं मत आहे. ती गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरती असते, आणि तेवढी ती पक्की असली पाहिजे.

फ्लायव्हीलच्या मधोमध क्लच शाफ्टचं टोक धरणारं छोटं पायलट बेअरिंग असतं. ते बोटाने फिरवल्यावर खरखरत होतं. नवं काकांच्या पेटीत होतं, पण जुनं काढायचं कसं? मागे हात घालायला जागा नाही आणि ओढायचा पुलर आमच्याकडे नव्हता. काकांनी बेअरिंगच्या भोकात ग्रीस भरायला सुरुवात केली. बोटाने दाबून दाबून, मागची पोकळी पूर्ण भरेपर्यंत. मग भोकात घट्ट बसेल असा एक लोखंडी दांडा शोधला. तो किंचित सैल होता म्हणून त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. दांडा भोकावर ठेवून हातोडीचा टोला दिला. ग्रीसला जायला दुसरी वाट नसते आणि ग्रीस दाबून लहान होत नाही, त्यामुळे ते बेअरिंगला मागून बाहेर ढकलतं. पहिल्या टोल्याला काही झालं नाही. दांडा काढला, आणखी ग्रीस भरलं, पुन्हा टोला. चौथ्या वेळी बेअरिंगची कड केसभर पुढे आलेली दिसली. सातव्या की आठव्या वेळी ते ग्रीसने माखलेलं काकांच्या तळहातात येऊन पडलं. मी ते काम टॉर्च धरून पाहत होतो आणि माझा हात अवघडल्याचं मला नंतर कळलं.

रात्री आम्ही उघड्या हाउसिंगवर प्लास्टिक बांधलं आणि काकांच्या केबिनमध्ये झोपलो. गाडीखाली झोपायचं नाही, कितीही दमलेलं असलं तरी. उन्हात किंवा पावसात गाडीखालची जागा माणसाला बोलावते, आणि तिथे झोपलेल्या माणसाचं काय होतं ते ड्रायव्हर लोकांना ठाऊक असतं.

सकाळी माल आला. नवी प्लेट जुनीवर ठेवून व्यास आणि मधले दाते मोजून पाहिले. प्लेटला दोन बाजू असतात. ज्या बाजूला हब जास्त बाहेर आलेला आणि स्प्रिंगा उचललेल्या, ती आमच्या गाडीत गिअरबॉक्सकडे. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो, क्लच सुटत नाही आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच आम्ही प्लेटला हात लावला. ग्रीसचं एक बोट लायनिंगवर उमटलं तरी ती जागा पुढे गाडी सोडताना थरथरते. प्लेट मधोमध बसवायला काकांकडे एका जुन्या क्लच शाफ्टचा कापलेला तुकडा होता. तो घालून प्रेशर प्लेट आवळली, परत समोरासमोर, अर्धा अर्धा फेरा.

आणि मग गिअरबॉक्स वर गेला, स्टडवर चढला, पुढे सरकला, आणि बोटभर फट ठेवून अडला.

इंजिन आणि हाउसिंग यांच्यामध्ये बोटभर जागा. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी सारखी. आम्ही रेटलं, हलवलं, जॅक थोडा वर, थोडा खाली. नाही. माझे हात भरून आले होते, डोळ्यांत धूळ गेली होती. पुठ्ठ्यावरचे बोल्ट समोर होते. ते घालून आवळले तर बोल्टच गिअरबॉक्स ओढून घेतील, असं मला वाटलं, आणि मी दोन बोल्ट घालून आवळायला घेतलेसुद्धा.

काकांनी माझं मनगट धरलं. ओरडले नाहीत. "बोल्ट ओढत नाहीत, धरतात," ते म्हणाले. "दाते जुळले नाहीत आणि तू आवळत गेलास तर हाउसिंगचा कान तुटेल. ॲल्युमिनियम आहे ते. नाही तुटला तर प्लेटचा हब फाटेल. बाहेर ये. पाणी पी."

मी बाहेर आलो. दहा मिनिटं आम्ही नुसते बसलो. मग काका म्हणाले, "गिअर टाक." मी हाताने गिअरबॉक्सच्या वरचा दांडा सरकवून टॉप गिअर टाकला. गिअरमध्ये असताना मागचा फ्लँज फिरवला की पुढचा क्लच शाफ्टही फिरतो. न्यूट्रलमध्ये मागे कितीही फिरवा, पुढे काही हलत नाही. इतका वेळ आम्ही दात्यांवर दाते टेकवून रेटत होतो. काकांनी जॅक नखाएवढा उतरवला, फट चारही बाजूंनी बोटाने तपासली आणि मला मागचा फ्लँज हळू फिरवायला सांगितला. मी डावीकडे थोडा फिरवला. काही नाही. उजवीकडे थोडा. आणि एका क्षणी हाताखालचं ते जड लोखंड आपण होऊन पुढे गेलं. 'ठप्प' असा बोदा आवाज झाला. फट मिटली होती.

पुढचं सगळं उलट्या क्रमाने, आणि त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. पुठ्ठ्यावरून बोल्ट आपापल्या जागी गेले. टॉर्क रेंच नव्हता, काकांचा हात होता. खुणा जुळवून प्रोपेलर चढवला. स्लेव्ह सिलिंडर बसवला, पेडलखालचं लाकूड काढलं, क्लचच्या तेलातली हवा काढली आणि मोकळी चाल दीड बोट ठेवली. बॅटरीची तार सगळ्यात शेवटी.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आमचं काम पाहून थांबलेल्या एका तरुण ड्रायव्हरने विचारलं होतं की मागच्या चाकाचा पार्किंग ब्रेकचा चेंबर हवा सोडतोय, तो पण असाच खोलून पाहू का? काकांनी त्याला स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. त्या चेंबरमध्ये दाबून बसवलेली जबर स्प्रिंग असते. बोल्ट लावून ती आधी आवळून बंदिस्त केल्याशिवाय चेंबरची क्लॅम्प खोलली तर झाकण तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं. स्प्रिंग बंदिस्त करून अख्खा चेंबर बदलावा, तो फोडून पाहू नये. क्लच प्लेट रस्त्यावर बदलणारे काका हे काम रस्त्यावर करत नव्हते. रिंगवाल्या डिस्कच्या, म्हणजे सुट्या लोखंडी रिंगने अडकवलेल्या, टायरमध्ये उघड्यावर हवा भरणं, हे ते रस्त्यावर करत नसत असं दुसरं काम.

इंजिन सुरू केलं. क्लच दाबून पहिला गिअर टाकला, तो आवाज न करता पडला. क्लच सोडला तशी गाडी दगडांवर रेलली. काकांनी दगड काढले, त्रिकोण गोळा केले. आम्ही ताडपत्री घडी केली, सांडलेल्या तेलावर माती टाकून ती उचलून पिशवीत भरली, जुनी प्लेट मी सीटमागे ठेवली. पान्यांची पेटी बंद करण्याआधी काकांनी प्रत्येक पाना मोजला. हाउसिंगमध्ये किंवा चासीवर विसरलेला एक पाना पुढे काय करू शकतो, ते त्यांनी पाहिलं होतं.

पहिला चढ लागला तेव्हा दोन्ही काटे एकत्र चालले. माझा डावा पाय खाली फरशीवर होता आणि तो तिथे ठेवायला मला पुन्हा पुन्हा आठवण करावी लागत होती.

पन्नास किलोमीटरवर काकांनी मागून डिपर दिला. कडेला थांबलो. चाकांना दगड लावले, आणि काका पाना घेऊन खाली शिरले. प्रोपेलरचे आठही बोल्ट जागचे हलले नाहीत. हाउसिंगच्या बोल्टांना ते एकामागून एक पाना लावत गेले. वरचा, तो गंजलेला, पाव फेरा फिरला.